कंपनीची भीड आणि डिस्ट्रिक्टची सही

प्रश्न थोडक्यात:

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) तंत्रज्ञान विभाग सांभाळणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी एका लहान कंपनीने त्यांना गणिताच्या सरावाचं ॲप पायलट म्हणून, म्हणजे प्रयोगादाखल, फुकट वापरायला दिलं. चौथी-पाचवीच्या शिक्षकांचा एक गट दर महिन्याला कंपनीच्या लोकांबरोबर बसायचा आणि चुका दाखवायचा. कंपनी त्या खरोखर दुरुस्त करायची. मुलांनी २/४ लिहिलं की ॲप उत्तर चूक ठरवायचं, कारण त्याला १/२ च हवं असायचं. बरोबर उत्तर देऊनही लाल फुली बघून मुलं रडकुंडीला यायची. एका शिक्षिकेने हे दाखवल्यावर दोन आठवड्यांत ते बदललं. कंपनीची अकाउंट मॅनेजर स्वतः पूर्वाश्रमीची शिक्षिका आहे आणि ताईंची तिच्याशी छान मैत्री जमली आहे.

आता कंपनीला तीन वर्षांचा करार हवा आहे. ३१ मार्चच्या आत सही झाली तर मोठी सूट आहे. त्याच सुमारास सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना, कंपनीच्या सल्लागार मंडळावर मानधनासह बोलावणं आलं आहे, आणि ताईंना कंपनीच्या खर्चाने एका परिषदेत पायलटची यशोगाथा सांगायला. ‘टेंडर काढावंच लागलं तर अटींचा मसुदा मीच पाठवते,’ असं अकाउंट मॅनेजर म्हणाली आहे. इकडे दुसऱ्या एका कंपनीने ‘आम्हाला संधी का नाही?’ असं विचारलंय. शिक्षक संघटनेचे प्रतिनिधी म्हणतात, ‘आमच्या लोकांनी दोन वर्षं फुकट काम केलं, त्याचा फायदा कुणाला?’ एका पालकाने मुलाची माहिती नेमकी कुठे जाते हे विचारलं आहे आणि त्यांना अजून उत्तर गेलेलं नाही. करोनाकाळातला केंद्रीय निधी संपल्यामुळे पैशांची ओढाताण आहे. ताई विचारतात, ‘सगळे संबंध तोडून टाकू का? पण त्यांनी आमच्यासाठी इतकं केलं, आता पाठ फिरवणं कृतघ्नपणाचं वाटतं. सही केली तर लोक म्हणणार, आधीपासूनच साटंलोटं होतं.’ पत्राखाली सही आहे, ‘एक भिडस्त अधिकारी’.

उत्तर:

ताई,

तुम्ही दोनच पर्याय मांडलेत, संबंध तोडणं किंवा सही करणं. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते. कंपनीशी जवळीक झाली की माणूस मिंधा होणार, आणि लांब राहिला की स्वच्छ राहणार. मला ही समजूत पटत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट, ती २/४ ची दुरुस्ती, जवळीक होती म्हणूनच झाली. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट, सुपरिंटेंडंटना आलेलं मानधनाचं बोलावणं, तीही जवळीकच आहे. त्यामुळे किती जवळ जायचं एवढ्यावर थांबून चालणार नाही. कोण कुणाच्या जवळ आहे, कोणत्या कामासाठी आहे आणि ते कुठे लिहून ठेवलंय, हे बघायला हवं.

आधी त्या उपकाराच्या ओझ्याबद्दल बोलू, कारण तुमच्या हातून चुकीची सही झालीच तर ती लोभाने होणार नाही, भिडेने होईल. भीड भिकेची बहीण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हिशेब मांडून बघा. कंपनीने सॉफ्टवेअर दिलं, माणसं दिली, वेळ दिला. तुमच्या डिस्ट्रिक्टने काय दिलं? अनुभवी शिक्षकांचे दर महिन्याचे तास. खऱ्या मुलांनी खऱ्या वर्गात दिलेली उत्तरं, जी कुठल्याही कंपनीला ऑफिसात बसून मिळत नाहीत. चुकांची आयती यादी. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तुमचं नाव. ते ॲप आज जितकं चांगलं आहे त्यात तुमच्या शिक्षकांचा मोठा वाटा आहे आणि ते आता इतर डिस्ट्रिक्टनाही विकलं जाईल. हा उपकार नव्हता, देवाणघेवाण होती, आणि दोघांचाही फायदा झाला. अडचण एवढीच की ती कागदावर कधी आली नाही. म्हणून आज तुम्हाला कर्जदारासारखं वाटतंय आणि संघटनेच्या प्रतिनिधीला फसवल्यासारखं. त्यांचा प्रश्न शत्रुत्वाचा समजू नका. तो रास्त आहे आणि वाटाघाटीत तो तुमच्याच कामी येणार आहे.

आता जवळीक कोणत्या पातळीवर असावी, हे बघू. याचं सर्वांत मोठं उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. तिथल्या डिस्ट्रिक्टने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायची योजना आखली. पूर्ण खर्चाचा अंदाज सुमारे १३० कोटी डॉलरचा होता, आणि आयपॅडवर पीअर्सन या प्रकाशन कंपनीचा अभ्यासक्रम येणार होता. उपकरणं वर्गात पोचली तेव्हा तो अभ्यासक्रम अर्धवटच होता. मुलांनी सुरक्षेची कुलपं बघता बघता तोडली, आणि शिक्षकांना हे वापरायचं कसं याची तयारी नव्हती. २०१४ मध्ये जुने ईमेल बाहेर आले. टेंडर निघण्याच्या बऱ्याच आधीपासून वरिष्ठ अधिकारी आणि ॲपल-पीअर्सनचे लोक यांच्यात बोलणी चालू होती, हे त्यातून दिसलं. करार गुंडाळावा लागला, ऑक्टोबरमध्ये सुपरिंटेंडंट जॉन डीझी यांनी राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये एफबीआयने कागदपत्रं ताब्यात घेतली. पुढे कुणावर आरोपपत्र दाखल झालं नाही, हेही सांगायला हवं. तरी एवढं नुकसान व्हायला गुन्हा घडावाच लागतो असं नाही. तिथे वरच्या मजल्यावर गाढ मैत्री होती आणि वर्गाच्या पातळीवर ओळखही नव्हती. तुमच्याकडे आजपर्यंत नेमकं उलटं होतं, शिक्षक जवळ आणि सही करणारे लांब. ते तसंच ठेवायचं आहे. कंपनीचं नवं बोलावणं ही घडी उलटी करतंय, म्हणून मला ते खटकतं.

त्या मानधनाबद्दल मला स्पष्टच बोलू द्या. ते घेऊ नये. बाल्टिमोर काउंटीचे सुपरिंटेंडंट डॅलस डान्स यांनी बाहेरच्या सल्लागारीतून मिळालेले सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर जाहीर केले नव्हते. २०१८ मध्ये शपथेवर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि त्यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. शिकागोच्या शाळांच्या प्रमुख बार्बरा बर्ड-बेनेट यांनी मुख्याध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका कंपनीला टेंडरशिवाय दोन कोटी डॉलरहून मोठी कामं मिळवून दिली. त्या बदल्यात कमिशन ठरलं होतं. २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तुमचे सुपरिंटेंडंट असे आहेत असं मी मुळीच सुचवत नाही. बहुतेकांना असं बोलावणं आलं की आपल्या कामाची कदर झाली असंच वाटतं. पण करार टेबलावर असताना त्याच कंपनीकडून पैसे घेणं, मग ते कितीही थोडे असोत, तुमच्या शिक्षकांच्या दोन वर्षांच्या प्रामाणिक कामावर डाग पाडेल.

हे साहेबांना सांगायचं कसं, ही तुमची खरी धास्ती आहे, हे मला कळतं. ते तुमचे वरिष्ठ आहेत. नीतीचा पाठ द्यायला जाऊ नका, त्यांच्या सोयीची वाट दाखवा. म्हणा, ‘सर, आपल्याकडे या कंपनीचा करार यायचा आहे आणि दुसऱ्या कंपनीने चौकशी केलीच आहे. उद्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर आपल्याकडे स्वच्छ उत्तर असावं म्हणून वकिलांचं मत आधीच घेऊया का?’ डिस्ट्रिक्टचे वकील काय म्हणतील याचा मला जवळजवळ भरवसा आहे. सल्ला द्यायची इच्छा असेल तर तो करार झाल्यावर द्यावा, बिनपैशांनी द्यावा, प्रवासखर्च डिस्ट्रिक्टने करावा आणि बोर्डाच्या इतिवृत्तात नोंद व्हावी. नूतनीकरणाच्या निर्णयातून त्यांनी बाहेर राहावं. एक माप हाताशी ठेवा. शाळांच्या इंटरनेटसाठी १९९६ च्या कायद्यातून आलेली ई-रेट योजना आहे ना, तिच्यात सेवा देणाऱ्या कंपनीकडून एका वेळी २० डॉलरहून जास्त आणि वर्षभरात ५० डॉलरहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. तुमचं गणिताचं ॲप त्या योजनेत बसत नाही, त्यामुळे हा नियम तुम्हाला इथे बांधील नाही. शाळांचं इंटरनेट बघणारा विभाग मात्र तुमचाच आहे, आणि हाच आकडा सगळ्या खरेदीला लावा असं बोर्डाला सुचवायला काहीच हरकत नाही. राज्याचा स्वतःचा नियम असेल तर तो आधी बघा.

परिषदेला मात्र जरूर जा. करार मार्गी लागल्यावर जा, डिस्ट्रिक्टच्या पैशाने जा, स्लाइड स्वतः बनवा आणि काय जमलं नाही तेही सांगा. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधल्या तुमच्यासारख्याच कुणाला ते ऐकायची फार गरज असते.

खरेदीकडे वळते. दोन वर्षांचा पायलट म्हणजे निवड नव्हे. एकच वस्तू वापरून बघितली की ‘ही चालते’ एवढंच कळतं, ‘हीच सगळ्यात बरी’ हे कळत नाही. दुसऱ्या कंपनीचा प्रश्न म्हणूनच टाळू नका. किती रकमेच्या वर टेंडर काढावं लागतं हे राज्याराज्यात वेगळं आहे, तुमच्या खरेदी अधिकाऱ्याला आजच विचारा. आणि अटींचा तो आयता मसुदा घेऊच नका. पैसा केंद्राचा असेल तर नियम अगदी रोखठोक आहे. ज्या कंपनीने अटी, कामाचं स्वरूप किंवा प्रस्तावाचं आवाहन लिहायला हात लावला, तिला त्याच खरेदीत उतरता येत नाही. म्हणजे तुमची मैत्रीण मदत म्हणून मसुदा पाठवेल आणि त्यापायी तिचीच कंपनी बाद होईल. हे तिला सांगा, तिच्या भल्याचंच आहे. बिचारीला बहुधा माहीतही नसेल.

अटी तुमच्या शिक्षकांच्या गटाने लिहाव्यात, पण त्या गरजेच्या भाषेत. ‘समतुल्य अपूर्णांक बरोबर धरले पाहिजेत’, ‘इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलाला प्रश्न ऐकता आला पाहिजे’, ‘न दिसणाऱ्या मुलाच्या स्क्रीन रीडरवर सगळं चाललं पाहिजे’, ‘विद्यार्थ्यांच्या याद्या वनरोस्टरच्या (याद्यांच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित) साच्यात आत-बाहेर नेता आल्या पाहिजेत’. या ॲपमधल्या बटणांची नावं त्यात येता कामा नयेत. मग प्रस्ताव दोघांचेही येऊ देत. तुमच्या कंपनीने दोन वर्षं ऐकून घेतलंय, तिचं पारडं त्यामुळे जड असेलच. ते उघडपणे जड ठरू दे.

३१ मार्चचं सांगते. कंपन्यांचा विक्रीचा हिशेब तिमाहीचा असतो आणि ती तारीख त्या हिशेबातली आहे. तुमचं आर्थिक वर्ष बहुधा १ जुलैला सुरू होतं. मार्चमध्ये मिळणारी सूट जूनमध्ये पुन्हा मागता येते, आणि बऱ्याचदा मिळतेही. मिळाली नाही तर ती सूट वस्तूच्या किमतीत नव्हती, तुमच्या घाईची होती, असं समजा.

आता पुराव्याकडे या, कारण इथे मला तुमच्या पत्रात एक मोठी पोकळी दिसली. शिक्षक खूश आहेत, चुका दुरुस्त झाल्या, हे तुम्ही लिहिलंत. मुलांचं गणित सुधारलं का, याबद्दल एक ओळही नाही. त्यात तुमचा दोष काढत नाही, पायलट बहुतेक ठिकाणी असेच चालतात. आधी काय मोजायचं ते ठरत नाही आणि शेवटी कंपनीचा डॅशबोर्ड जे मोजतो तेच हाती येतं.

तो डॅशबोर्ड एकदा शांतपणे उघडा. ‘सक्रिय विद्यार्थी’ असा एक मोठा आकडा असेल. त्याच्या बाजूच्या बारीक प्रश्नचिन्हावर क्लिक करा आणि व्याख्या वाचा. महिन्यातून एकदा लॉगिन केलेलं मूलही तिथे सक्रिय धरलेलं असू शकतं. मग कंपनीच्या परिणामांच्या अहवालाकडे या. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की आठवड्याला सांगितलेली मिनिटं वापरणाऱ्या मुलांची प्रगती जास्त झाली. ती मिनिटं पुरी करणारी मुलं एकूण किती होती, ते तळटीप शोधून वाचा. अशा अभ्यासांत पुष्कळदा ती मूठभरच निघतात. बाकीची मुलं हिशेबातून गळलेली असतात. आणि जे मूल दर आठवड्याला सांगितल्याप्रमाणे बसून सराव करतं, ते ॲप नसतं तरी पुढेच गेलं असतं का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नसतो.

तुम्ही विचारा. कंपनीला सांगा, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ज्यांना ज्यांना लायसन्स दिलं त्या सगळ्या मुलांचे निकाल हवेत, वापर केलेला असो वा नसो. इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षणातली मुलं, फुकट जेवणाच्या यादीतली मुलं, सगळी वेगवेगळी दाखवा. शक्य असेल तर ज्या शाळांमध्ये ॲप नव्हतं तिथल्या तशाच मुलांशी तुलना करा, त्यासाठी डिस्ट्रिक्टची स्वतःची परीक्षा वापरा, ॲपमधली नको. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर यादृच्छिक वाटप करून (कुणाला ॲप मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून) केलेला अभ्यास, आणि तळाशी ‘हे चालायला हवं असं म्हणायला तर्क आहे, अभ्यास सुरू आहे’ इतकंच. जाहिरातीत ‘कायद्याप्रमाणे पुराव्यावर आधारित’ असं छापलेलं असतं तेव्हा कितवी पायरी ते विचारायचं. चौथी असली तरी लाज नाही, नवी कंपनी तिथूनच सुरुवात करते. पण मग तीन वर्षांची सही कशाला? चौथ्या पायरीला एक वर्ष पुरे.

काही डिस्ट्रिक्ट आता किमतीचा काही भाग मुलांच्या निकालाशी बांधतात. ठरलेली प्रगती झाली तर पूर्ण पैसे, नाही तर कमी. त्यात डिस्ट्रिक्टलाही शब्द द्यावा लागतो, की मुलांना ठरलेला वेळ खरोखर मिळेल, वेळापत्रकात जागा काढली जाईल. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात दोघांनाही हात झटकता येत नाहीत. तुमच्या कंपनीला आपल्या ॲपची खात्री असेल तर ती निदान बोलायला तरी तयार होईल.

आता ते पालक. त्यांना आधी उत्तर द्या, करार नंतर होत राहील. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेसाठी असलेल्या १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे पालकांच्या वेगळ्या संमतीशिवाय विद्यार्थ्यांची माहिती कंपनीला देता येते, पण अटी आहेत. कंपनी शाळेचंच काम करत असली पाहिजे, माहिती कशी वापरायची यावर शाळेचा थेट ताबा हवा आणि दिलेल्या कामापलीकडे ती वापरता येत नाही. तेरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी कॉपा कायदा आहे. शाळा पालकांच्या वतीने संमती देऊ शकते ती शिक्षणापुरतीच, धंद्यासाठी नाही. २०२३ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑनलाइन वर्गांचं व्यासपीठ चालवणाऱ्या एडमोडो कंपनीवर ६० लाख डॉलरचा दंड ठरवला तो यासाठीच. मुलांची माहिती जाहिरातींसाठी वापरली होती आणि संमतीची जबाबदारी शाळांवर ढकलली होती. तुमच्या पायलटच्या वेळी कुणी ‘सहमत’ वर क्लिक केलं होतं, कोणत्या अटींवर, ते शोधून काढा. एखाद्या शिक्षिकेनेच केलं असेल तर तिला दोष देऊ नका, पण डिस्ट्रिक्टचा रीतसर डेटा करार ताबडतोब करून घ्या. बऱ्याच राज्यांत त्याचा तयार सामाईक नमुना आहे, कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही.

त्या करारात दोन गोष्टींसाठी हट्ट धरा. पहिली, माहिती पुसून टाकणं. डिसेंबर २०२४ मध्ये शाळांना विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पॉवरस्कूल या मोठ्या कंपनीच्या मदत-पोर्टलमध्ये कुणीतरी चोरलेल्या एका लॉगिनने शिरलं आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांची माहिती घेऊन गेलं. काही ठिकाणी शाळा सोडून वर्षं झालेल्या माजी विद्यार्थ्यांचीही माहिती त्यात होती. कंपनीने खंडणी भरली, तरी २०२५ च्या मे महिन्यात काही डिस्ट्रिक्टना त्याच माहितीवरून पुन्हा धमक्या आल्या. जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. करार संपल्यावर किती दिवसांत पुसणार आणि पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र कोण देणार, हे करारात लिहून घ्या. आणि मुलांच्या उत्तरांवर कंपनी स्वतःचं एआय शिकवणार आहे का, हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ‘नाही’ असंच करारात लिहा.

दुसरी, कंपनीच बंद पडली तर काय. पुन्हा लॉस एंजेलिसच. मार्च २०२४ मध्ये तिथे ‘एड’ नावाचा चॅटबॉट गाजावाजा करून आणला. करार ६० लाख डॉलरपर्यंतचा होता. जूनमध्ये तो बनवणाऱ्या ऑलहिअर कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवलं आणि चॅटबॉट बंद झाला. नोव्हेंबरमध्ये संस्थापिकेवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप ठेवला गेला. तोवर डिस्ट्रिक्टने सुमारे ३० लाख डॉलर दिलेले होते. तुमची कंपनी लहान आहे. लहान कंपनी ऐकून घेते हे तुम्ही अनुभवलंय, पण लहान कंपनी बुडू शकते किंवा विकली जाऊ शकते. नवा मालक आला तर माहितीचं काय, पैसे परत किती, आपल्या याद्या आणि निकाल उघडता येतील अशा फाइलमध्ये बाहेर कसे काढायचे, हे आधी ठरवा. नाहीतर अडला हरी अशी गत होते. तीन वर्षांचे पैसे एकदम तर मुळीच देऊ नका. एक वर्षाचा करार, पुढची दोन वर्षं वाढवायची मुभा आणि बोर्डाने निधी मंजूर केला नाही तर दंडाशिवाय बाहेर पडता येईल असं कलम. ‘आपोआप नूतनीकरण’ असं काही दिसलं तर खोडा.

निधीची ओढाताण आहे म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. करोनाकाळात तीन हप्त्यांत शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर मिळाले आणि शेवटच्या हप्त्याचा पैसा कशावर खर्चायचा ते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवून टाकायचं होतं. त्या काळात बऱ्याच ठिकाणी एकाच कामाची दोन-तीन ॲप्स जमली. नवी सही करण्याआधी गणिताच्या सरावाची आणखी कोणती ॲप्स तुम्ही विकत घेता, याची यादी काढा. एखादं बंद करूनच याचे पैसे निघत असतील.

संघटनेच्या प्रतिनिधींना आता तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे. पुढच्या वर्षी शिक्षकांचा गट चालू राहील, पण त्या तासांचा मोबदला डिस्ट्रिक्ट देईल, आणि कंपनीला ते ज्ञान हवं असेल तर त्याची किंमत करारातल्या दरातून उघडपणे वजा होईल. एकाही शिक्षकाला कंपनीकडून थेट गिफ्ट कार्ड जाणार नाही. डिस्ट्रिक्टचं किंवा शिक्षकाचं नाव जाहिरातीत वापरायचं तर दर वेळी लेखी परवानगी. हे त्यांच्याशी बोलूनच लिहा, मसुदा त्यांना आधी दाखवा.

राहिली तुमची मैत्रीण. तिच्याशी बोलणं टाळू नका, आणि खरेदी सुरू झाल्यावर अचानक गप्पही होऊ नका, ते तिला जास्त लागेल. आधीच असं काहीतरी लिहा:

‘तुमच्या टीमने आमच्या शिक्षकांचं ऐकलं, त्याची मला मनापासून किंमत आहे. आता आम्ही या ॲपसाठी खुली निवड करणार आहोत. ती संपेपर्यंत किंमत, करार आणि निवड यांबद्दल फक्त खरेदी अधिकाऱ्यांशी बोलावं. वर्गातल्या तांत्रिक अडचणींसाठी नेहमीचाच मार्ग खुला आहे. अटींचा मसुदा कृपया पाठवू नका, नियमाप्रमाणे त्याने तुमचीच अडचण होईल. सर्व विद्यार्थ्यांचे निकाल आणि डेटा करार यांबद्दलचे आमचे प्रश्न सोबत जोडले आहेत.’

एक प्रत खरेदी अधिकाऱ्यांना पाठवा. सुपरिंटेंडंटशी बोलणं त्याआधी झालेलं असू दे, म्हणजे त्यांना हे तिसऱ्याच कुणाकडून कळणार नाही. तुमची मैत्रीण पूर्वी वर्गात उभी राहिलेली आहे, तेव्हा माझा अंदाज आहे की ती समजून घेईल आणि प्रश्नांची उत्तरं गोळा करायला लागेल. तसं न होता ती, किंवा तिचे साहेब, तुम्हाला ओलांडून थेट सुपरिंटेंडंटकडे सूट वाढवून घेऊन गेले, तर त्याच दिवशी खरेदी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि ईमेल जपून ठेवा.